वशिंड्याची उंची किती?

ज्यांनी वशिंड्या डोंगर पाहिला नाही त्यांनी हळहळू नये. ज्यांनी पाहिला आहे त्यांच्यातल्या निम्म्यांना आपण डोंगर पाहिला हेच ठाऊक नसतं. मुकुटबनच्या पुढे, सागाच्या जंगलात, एक बसलेला बैल मान वळवून तुमच्याकडे पाहतोय असा आकार दिसतो. त्या बैलाचं वशिंड म्हणजे हा डोंगर. हिमालय पाहून आलेल्यांनी खुशाल हसावं. पण मी त्याच्यापायी तीन दिवस, एक थर्मामीटर आणि बरीचशी अक्कल घालवून आले आहे, तेव्हा त्याच्याविषयी लिहिण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही.

साल १९६०, महिना मे. नवं राज्य होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. आमचे बाबा यवतमाळला जमीनमोजणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि एकाच खुर्चीवर बसून त्यांनी चार राज्यं पाहिली होती. आधी मध्यप्रांत, मग मध्यप्रदेश, मग मुंबई, आता महाराष्ट्र. "राज्य संपतं, पण छापलेला कागद संपत नाही," असं म्हणत ते जुन्या कागदावरचं नाव लाल शाईनं खोडायचे आणि वर नवं लिहायचे. नियम म्हणजे बाबांचं दैवत. घरात मीठ संपलं तरी त्याचा अर्ज यावा अशी त्यांची मनातून इच्छा असे.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. भूगोल घेऊन बी. ए. ची परीक्षा दिलेली. इतकी शहाणी होते की आज ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी एक चापट देईन आणि मग लाडू देईन. डोंगर म्हणजे नकाशातला तपकिरी रंग, हे मला पक्कं माहीत होतं. स्वतः चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे आमच्या घरचा माळा. मला नागपूरला एम. ए. करायचं होतं आणि फॉर्मवर बाबांची सही हवी होती. फॉर्म जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला पोचायला हवा होता.

"पृथ्वी गोल आहे हे कळलं ना?" बाबा म्हणाले. "बस झालं की. आणखी दोन वर्षं काय शिकणार, अजून गोल आहे म्हणून?"

जेवणाच्या पाटावर मला चेव आला. मी म्हणाले, "मी कुठल्याही डोंगराची उंची नुसतं पाणी उकळून सांगू शकते."

हे खरं तर खोटं नाही. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ आणि तितकं पाणी कमी उष्णतेला उकळतं. कितीला उकळलं ते थर्मामीटरनं पाहायचं आणि हिशोबानं उंची काढायची. पुस्तकात तीन ओळींत दिलं होतं. त्या तीन ओळी मला पाठ होत्या, बाकी काही नाही.

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांच्या कचेरीच्या कपाटात एक मोठा नकाशा होता आणि त्यात जिल्ह्यातल्या प्रत्येक टेकाडाची उंची फुटांत लिहिलेली होती.

"वशिंड्याची उंची काढून आण," ते म्हणाले. "पन्नास फूट इकडेतिकडे झालं तर चालेल. जमलं तर सही. नाही जमलं तर वणीच्या वकिलांचं स्थळ आलंय, त्यांना होकार कळवतो."

"आणि ही एकटी जाणार का डोंगरावर?" आतून आत्याचा आवाज आला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ऐन पंचविशीत विधवा होऊन माहेरी आलेली. मी सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. कडक सोवळ्याची, पंचावन्न वर्षांची आणि शरीरानं अशी की दारातून येताना आधी ती येई आणि मग उजेड येई.

"तू जा सोबत, अक्का," बाबा म्हणाले. "साक्षीदार पाहिजेच."

थर्मामीटर आमच्या गल्लीत एकच होता, शेजारच्या डॉक्टरकाकांचा. काचेचा, बारीक, तोंडात धरायचा. मी तो मागून आणला. वाचकांनी आत्ताच हसू नये, अजून पुष्कळ वेळ आहे.

मुकुटबन

यष्टीच्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखं एवढंच, की पांढरकवड्याला उतरलो तेव्हा मी गोरी होते आणि मुकुटबनला पोचले तेव्हा नव्हते. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर बाबांची साहेबी टोपी, गळ्यात दोरीला होकायंत्र. मला वाटत होतं, लोक आदरानं बघताहेत. आत्या म्हणाली, "सर्कस आली असं वाटतंय त्यांना."

उतरायचं पटवाऱ्यांच्या घरी. बाबांनी आधी पत्र टाकलेलं होतं. पटवारी पानाचा डबा पुढ्यात घेऊन बसले होते.

"बाई, तुमच्या बाबाचं पत्र आलं," ते म्हणाले. "लिहिते, पोरगी डोंगराची उंची मोजाले येऊन राह्यली. साखळी आणली काय?"

"साखळी नाही लागत. थर्मामीटर आणलाय."

पटवाऱ्यांनी पानाचा डबा मिटला. मग काळजीनं म्हणाले, "काहून व बाई? बिमार हाये काय डोंगर?"

त्यांच्या बायकोनं आम्हाला कैरीचं पन्हं दिलं. आत्यानं आपल्या सोवळ्याच्या तांब्यातलंच पाणी प्यायलं आणि अंगणात वेगळी चूल मांडून पिठलंभात केला. मी मात्र ओसरीवर पटवाऱ्यांच्या पंगतीला बसले. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि ठेचा. यवतमाळला आम्ही अंबाडीत गूळ घालायचो. इथं गुळाच्या जागी मिरची होती. डोळ्यांतून पाणी काढत मी खाली पाहिलं, तर ओसरीची फरशी राखाडी, गुळगुळीत, आणि कडेनं पाहिली की वहीच्या पानांसारखी थरांची. चुनखडक! मी उडालेच.

"तुम्हाला माहीत आहे का, हा दगड समुद्राच्या तळाशी झालेला आहे? आपण समुद्राच्या तळावर बसून जेवतोय!"

पटवारीणबाईंनी फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग उठतानी पाय सांभाळजा. वल्लं असंन."

तांडा

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, डोंगराच्या पायथ्याला निघालो. पायथ्याला बंजाऱ्यांचा तांडा आहे. यांचे आजेपणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता बैल नांगराला आहेत आणि माणसं शेतीला. घरं नीट ओळीनं, शेणानं सारवलेली. बायकांच्या ओढण्यांवर आरशाची भिंगं, त्यामुळे ऊन पडलं की सगळा तांडा चमकतो.

आम्ही वेशीशी पोचलो आणि आतून मोठ्यानं रडणं ऐकू आलं. पाहतो तर दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर लावून हंबरडा फोडताहेत आणि भोवती बाकीच्या डोळे पुसत उभ्या.

आत्या बंडीतून ताडकन उतरली. "शकू, लांब राहा. घरात मरण झालंय. आपण न कळता आलो." मी काही म्हणायच्या आत ती विहिरीकडे गेली आणि लुगड्यासकट तीन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. मरणाच्या दारातून शिवाशिव झाली तर आंघोळ, हा तिचा नियम.

ती ओलीचिंब परत आली तेव्हा त्या दोघी रडायच्या थांबून, हसत, एकमेकींच्या हातातल्या बांगड्या पाहत होत्या. आत्याला पाहून त्यातली थोरली पुढे आली. साठीची, काटक, हातभर पांढऱ्या बांगड्या. तिचं नाव जमनीबाई. तांड्यात मात्र सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई.

"आव बाई, बेस," ती म्हणाली आणि मग आमच्या भाषेत, "ह्या गरमीत चांगलं केलं, आंघोळ केली. पर कपडे तं काढाचे होते!"

"अहो, तुमच्याकडं कोण गेलं?" आत्यानं अदबीनं विचारलं.

"जाईन कोण? आलं! बहीण आली माही, चार सालानं."

"मग रडत कशाला होता?"

"मंग काय हासू? हासतो तं आमी रोजच. चार साल आठवण आलती हे तिले कसं समजंन?"

आत्या लुगड्याचा पदर पिळत उभी राहिली. आमच्याकडे बहीण माहेरी आली की पहिला प्रश्न असतो "किती दिवस राहणार?" आणि दुसरा, "जावई बरे आहेत ना?" हे आत्यानं नंतर मला स्वतःहून सांगितलं. ती तिसावं वर्ष माहेरी होती आणि तिच्यासाठी असं कोणी रडलेलं मला तरी आठवत नाही.

आम्हाला डोंगरावर जायचंय म्हटल्यावर जमनीबाईनंच वाट दाखवायचं कबूल केलं.

"पर कायले जातं व पोरी? वर काही नाई. मोहाचं झाड बी नाई."

"उंची मोजायला."

"हूं." तिनं डोंगराकडे पाहिलं. "सात विसाव्याचा हाये तो."

"म्हणजे?"

"मिठाचा बैल वर चढतानी सात खेप थांबते. आमच्या बुढ्याचे बैल याच खिंडीतून जात. पायथ्याले ऊन, कमरंले वारा, अन् डोक्यावर त्याची मर्जी. असा हाये हा डोंगर."

मी वहीत लिहिलं: "स्थानिकांत मापनाच्या अशास्त्रीय पद्धती रूढ." ती वही अजून माझ्याकडे आहे. ते वाक्य वाचलं की मी डोक्यावरून पदर ओढून घेते.

दुपारी पडवीत सगळे पेंगत असताना मी थर्मामीटर काढला, उद्यासाठी पुसून ठेवावा म्हणून.  पारा शेवटच्या रेघेला जाऊन टेकला होता. कोणाच्या तोंडात न जाता, नुसत्या पिशवीत. मी झटकला, खाली आला. जमिनीवर ठेवला, पाहतापाहता पुन्हा वर. विदर्भातल्या मे महिन्यालाच ताप होता तो. आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, मी त्याच्यावरचे आकडे वाचले. ते एकशेदहाला संपत होते. पाणी उकळतं दोनशेबारा अंशांना.

बी. ए. भूगोल.

तांड्यातल्या त्या सारवलेल्या पडवीत बसून मला नागपूर दिसेनासं झालं आणि वणीचे वकील स्वच्छ दिसू लागले. त्यांच्या मिशा मी फोटोत पाहिल्या होत्या.

"काय गं, थर्मामीटर ठीक आहे ना?" आत्यानं डोळे न उघडता विचारलं.

"ठीक आहे."

मग मी हळूच जमनीबाईजवळ सरकले आणि विचारलं, "वर माथ्यावर साहेबांनी काही दगड वगैरे रोवलाय का? मोजणीच्या वेळचा?"

"हाये की. साहेबाचा गोटा. त्याच्यावर कोरलं बी हाये."

कोरलेलं आहे! म्हणजे उंचीच असणार. माझा ठरला बेत. आकडा चोरून वहीत उतरवायचा आणि साक्षीदाराच्या समाधानासाठी पाणी उकळायचं नाटक करायचं. इतक्या आनंदानं मी त्या दिवशी टेंभराची फळं खाल्ली की पोट दुखलं.

माथा

जमनीबाई म्हणाली होती, तारे असतानाच निघू. पण आत्याची पूजा आणि स्तोत्रं संपेपर्यंत ऊन अंगणात आलं. "देवाले सांगा व, डोंगर थांबत नाई," जमनीबाई म्हणाली. "माझा देव थांबतो," आत्या म्हणाली. दोघींचं त्या क्षणापासून फार जमलं.

आता डोंगर सांगते, कारण तो खरोखर सांगण्यासारखा आहे. पायथ्याशी तोच पटवाऱ्यांच्या ओसरीचा राखाडी चुनखडक, आडव्या पायऱ्यांसारखा. त्याच्यावर कमरेएवढा पिवळट वाळूचा पट्टा. आणि त्याच्यावर एकदम काळाकभिन्न दगड, लाव्हारसाचा. म्हणजे खाली समुद्र, वर आग. काळ्या दगडाच्या मध्ये एक विटकरी लाल पट्टी आडवी जाते, डोंगराला कडदोरा बांधल्यासारखी. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. जमनीबाईला बैलाच्या खुरांतून.

"इथं घसरते," ती चुनखडकावर म्हणाली. "बैलाचा पाय इथं फसते," वाळूच्या पट्ट्यावर. "अन् हा काळा खूर कापते, म्हून इथं आमी बैलाले नाल मारत. लाल माती आली का समजाचं, अर्धा झाला." लाल पट्टीतून तिनं मूठभर माती पदरात बांधली, चुलीला पोतेरं द्यायला.

भूशास्त्राच्या सबंध पेपरात मला जे चार थर आठवले नव्हते ते तिनं चार वाक्यांत सांगितले. मी आठवा विसावा घेत होते, आणि तो अजून लाल पट्टीच्या खालचा होता. आत्या? आत्या पुढे होती! लुगड्याचा काचा मारून, हातात काठी, दुसऱ्या हातात सोवळ्याच्या पाण्याची कळशी. "लवकर ये गं, भूगोल," ती वरून ओरडली.

माथ्याच्या जरा खाली आम्ही थबकलो. काळ्या दगडाचे खांब! पंधरावीस फूट उंच, पाच बाजूंचे, सहा बाजूंचे, एकमेकांना चिकटून उभे, कोणी पाथरवटानं तासून लावावेत तसे. लाव्हारस सावकाश निवाला की त्याला असे तडे जातात, चिखल वाळल्यावर जातात ना, तसेच. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला खरं म्हणजे टाळ्या वाजवायच्या होत्या. वाजवल्याच.

"मांडव हाये हा," जमनीबाई म्हणाली. "इथं लग्न लागलं होतं म्हणते. वऱ्हाड जेवाले उठलं ते आलंच नाई."

"मग नवरीचं काय झालं?" आत्या.

"सुटली," जमनीबाई म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की खांबांतून पारवे उडाले.

दुपार झाली होती तेव्हा माथ्यावर पोचलो. गवत वाळून पिवळं, वारा गरम, खाली सागाची पानगळलेली राखाडी झाडं, पार तिकडे पैनगंगेची पांढरी वाळू. मी धावत त्या दगडापाशी गेले. शेंदूर माखलेला होता, नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. गुडघे टेकून मी नखानं शेंदूर खरवडला. कोरलेलं होतं. एक वर्तुळ, आणि मधोमध एक ठिपका.

बस.

मागून पाहिला, बाजूनं पाहिला. वर्तुळ आणि ठिपका.

"देव खरवडून राह्यली काय व पोरगी?" जमनीबाईनं विचारलं. आत्यानं दगडाला हात जोडले आणि मला दटावलं, "आधी नमस्कार कर. मग तुझा प्रयोग."

प्रयोग करणं भाग होतं. तीन दगडांची चूल, वाळलेलं गवत, छोटं भांडं. पाणी? माझी बाटली तिसऱ्या विसाव्यालाच संपली होती. जमनीबाईकडच्या पाण्याच्या भोपळ्यातलं अर्धं मी पाचव्याला संपवलं होतं, उरलेलं मागायला तोंड नव्हतं. राहिली आत्याची कळशी. आत्या माझ्याकडे पाठ करून माळ ओढत होती. मी गुपचूप कळशी भांड्यात रिकामी केली.

पाणी उकळलं. मी गंभीर चेहरा करून थर्मामीटर आत सोडला. टिक् असा एवढासा आवाज झाला. काच फुटली आणि पाऱ्याचे चंदेरी मणी भांड्याच्या तळाशी इकडून तिकडे पळू लागले.

"किती आलं?" आत्यानं विचारलं. मी भांड्याकडे बोट दाखवलं. तिनं भांड्यात डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या कळशीकडे पाहिलं. शेवटच्या गोष्टीला तिचा चेहरा बदलला.

मी सगळं ओकले. तापाचा थर्मामीटर, एकशेदहा, चोरायचा आकडा, वकिलांच्या मिशा. बोलताबोलता रडू आलं, अगदी सूर लावून.

"कोण आलं?" जमनीबाईनं विचारलं.

"कोणी नाही. अक्कल गेली तिची," आत्या म्हणाली. "आणि माझं पाणी."

तेवढ्यात वारा एकदम पडला. गवताचं पातं हलेना. जमनीबाईनं नाक वर केलं. "उठा. वारा बसला का वादळ उठते. वर थांबाचं नाई. बैलवाले कधी माथ्यावर थांबत नसत." आम्ही खांबांपर्यंत पोचतो न पोचतो तोच आभाळ काळं झालं, वीज कडाडली आणि तडातडा गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या! सकाळी ज्या डोंगराला ताप होता तो दुपारी बर्फ ओकत होता. तिघी त्या दगडी मांडवाच्या कपारीत अंग चोरून बसलो आणि समोर टपोऱ्या गारा उड्या मारत होत्या, टिपरी खेळल्यासारख्या.

आत्याचे ओठ वाळले होते. जमनीबाईनं भोपळा पुढे केला. आत्यानं मान हलवली. मग तिची नजर गारांवर गेली. विचार करताना ती नेहमी एक डोळा बारीक करायची, तसा केला.

"याला कोणाचा हात लागलेला नाही ना?"

"देवाचा असंन तं असंन," जमनीबाई म्हणाली.

आत्यानं एक गार उचलून तोंडात टाकली. मग दुसरी. मग पदर पसरून ती कपारीच्या बाहेरच निघाली. पंचावन्न वर्षांची माझी सोवळी आत्या वादळात गारा वेचत होती आणि एक डोक्यात बसली की "अगं आई गं!" म्हणून खिदळत होती. परत आली तेव्हा दोन्ही गाल फुगलेले. मला हसू आवरेना. जमनीबाईनं फडक्यातली बाटी काढली. बाटी म्हणजे आपली ज्वारीची भाकरच, जाड, वर लसणाची लाल चटणी. तिनं तीन तुकडे केले आणि तिसरा तुकडा आत्याच्या गुडघ्यावर ठेवला.

मी बाहेर पाहू लागले. पाहायला हवंच होतं असं काही बाहेर नव्हतं.

थोड्या वेळानं आत्या म्हणाली, "चटणी अजून आहे का हो?"

यवतमाळ

परतीच्या यष्टीत मी म्हणाले, "ठोकून देऊ का एखादा आकडा?"

"भाऊ नकाशा समोर घेऊन बसलेला असेल," आत्या म्हणाली. "आणि तुझं तोंड पाहिलं की आंधळ्यालाही कळेल."

बाबा खरोखरच बसले होते. टेबलावर गुंडाळलेला नकाशा, शेजारी फॉर्म, त्यावर दौत.

"बोला. किती?"

"नाही काढता आली," मी म्हणाले आणि थर्मामीटरची गोष्ट सांगितली. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं.

मग मी डोंगर उतरताना गोळा केलेले पिशवीतले दगड टेबलावर मांडले. राखाडी, पिवळट, लाल मातीची पुरचुंडी, काळा. खालून वर, डोंगरात होते तसे. समुद्र कुठं संपतो, आग कुठं लागते, बैलाचा पाय कुठं घसरतो आणि खूर कुठं कापतो, ते सांगत गेले. आत्या मध्येमध्ये दुरुस्त करत होती. "लाल पट्टी आधी गं, खांब तिच्या वर!" गारांचं सांगताना तर ती उभीच राहिली. बाबांचा चहा गार झाला. ते काळा दगड हातात फिरवत होते, तीस वर्षं ज्याचे नकाशे कपाटात लावले तो डोंगर पहिल्यांदा हाती लागल्यासारखा.

"छान," ते शेवटी म्हणाले. "फार छान. पण अट उंचीची होती."

आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. पण बाबांनी दिलेली अट बाबासुद्धा मोडू शकत नसत.

"आण तो फॉर्म इकडे," आत्या म्हणाली. "सहीच्या जागी काय लिहिलंय ते वाच."

"वडिलांची किंवा पालकाची सही," बाबांनी इंग्रजीचं मराठी करून सांगितलं.

"पालक म्हणजे कोण?"

"ज्यानं वाढवलं तो."

"हिला कोणी वाढवलं?"

 बाबांनी फॉर्म उलटा केला. मागच्या बारीक अक्षरांतल्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाचल्या.  वकिलांच्या मिशा जवळ येत होत्या, लांब जात होत्या.

"नियमात बसतं," बाबा म्हणाले. दाढ उपटल्यावर माणूस बोलतो तसे. आणि मग पेनाचं टोपण काढून त्यांनी स्वतःच पेन तिच्यापुढे धरलं.

"माझीही एक अट आहे," आत्या मला म्हणाली. "दर मे महिन्याला मला एक डोंगर दाखवायचा. आणि कळशी दोन घ्यायच्या."

तिनं पदर खोचला, बोटावर शाई लागेल म्हणून फडकं घेतलं आणि सही करायला वाकली. तिला पोथीतलीच अक्षरं येत, मोठी, ठसठशीत. नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव, काही म्हणजे काही गाळायचं नाही. रकाना केव्हाच संपला. सही खाली उतरली, चौकट ओलांडली, पुढं चालली.

"अक्का! अगं अक्का, थांब! ती जागा कार्यालयाच्या उपयोगासाठी राखलेली आहे!"

"मग कळव कार्यालयाला," आत्या शेवटचा काना ओढत म्हणाली, "उपयोग झाला म्हणून."